मोडी खिळ्यांची रेघ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही आणि देवापाशी तर नाहीच — देवापुढं उभा राहिलो की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळा होई. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही भिवा सोनाराला ओळखत नाही.

मी अमरावतीत मोडी लिहून पोट भरणारा. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, होता होईल तो बोरू न उचलता, अक्षरं लिहीत जायची. माझं अक्षर चांगलं होतं. खोटी नम्रता कशाला? वऱ्हाडात असं वळण नाही, असं लोक म्हणत; मी ‘छे, छे’ म्हणे आणि पुन्हा ऐकायला मिळतं का म्हणून तिथंच रेंगाळे.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. अकोल्याच्या एका अडत्या शेटजींना गावोगाव भावाची पत्रकं धाडायची होती. त्यांनी छापखाना आणवला, पण त्याच्याबरोबर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे आले ते बाळबोध, म्हणजे देवनागरी. बाळबोध आमच्या बाजारात वाचतो कोण? मोडीचे खिळे पाडून दे, असं त्यांनी भिवाला सांगितलं. भिवा माझा शेजारी. मुंबईत राहून अक्षरांचे ठसे कोरायला शिकून आला होता. आणि नमुन्याला अक्षर कुणाचं घेतलं? माझंच. मी आठवडाभर हवेत होतो.

पण धावतं अक्षर शिशात ओतायचं म्हणजे सोपं का आहे? प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर रेघेचा एक तुकडा. शेजारी दुसरा खिळा बसला की दोन तुकड्यांत केसाएवढीही फट दिसता कामा नये. भिवानं दागिन्यांचं काम बाजूला टाकलं, बायकोची बोलणी खाल्ली, आणि घासत बसला. घासायचा, जुळवायचा, उन्हाकडं धरून बघायचा, पुन्हा घासायचा. मी शेजारी बसून पान खात असे.

शेवटी आम्ही बैलगाडीनं अकोल्याला गेलो. भिवानं खिळे जुळवले, चौकटीत आवळले आणि शेटजींना बोलवायला गेला. पहिला छाप त्यांच्यासमोर काढायचा, अशी त्याची हौस. मी राखणीला. मला धीर धरवला नाही — मी शाई लावली आणि एक कागद दाबून काढला.

रेघ सलग होती. इकडून तिकडं, कुठंही न तुटता. खाली माझंच अक्षर — पण ओळ संपत आली की माझा हात जरा उतरतो, तसं ते उतरत नव्हतं. ते माझ्यापेक्षा सुंदर होतं.

पोटाची भीती वाटली, असं मी पुढं स्वतःला कितीतरी वर्षं समजावलं. खोटं आहे ते. त्या दिवसांत लिहिणाऱ्याला मान वर करायची फुरसत नव्हती. असे दहा छापखाने आले असते तरी मला काम पुरून उरलं असतं. मग काय होतं? जळफळाट. दुसरं काही नाही.

मी खिळ्यांवरची शाई पुसून काढली आणि चौकट सैल केली. पातळ कागदाचे कपटे फाडून खिळ्यांच्या मधे सरकवले आणि पुन्हा आवळून टाकली. तो पहिला छाप चुरगाळून शाईच्या चिंध्यांत कोंबला. भिवाच्या हातचं ते काम छापून कसं दिसतं, हे मी एकट्यानं पाहिलं आहे. त्यानं कधीच पाहिलं नाही.

शेटजींसमोर छाप निघाला तो जागोजाग तुटलेला. भिवा कागदाकडं बघतच राहिला. शेटजींनी तो माझ्यापुढं धरला — मोडीच्या बाबतीत माझा शब्द चाले — आणि हे सुधारेल का म्हणून विचारलं.

‘नाही शेटजी,’ मी म्हणालो. ‘मोडी हातानंच लिहावी.’

मदत करतो म्हणून चौकट मीच उलगडली; कपटे मुठीत गेले. शिसं शेटजींचं होतं, त्यांना ते परत हवं होतं. भिवानं आपल्या हातानं सगळे खिळे वितळवले. गाडीत येताना तो एवढंच बोलला, ‘माहीच नजर चुकली, पंत. मले वाटलं व्हतं, जुळली.’

पुढं तो पुन्हा दागिने घडवू लागला, पण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. साधी नथ केली तरी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी माझ्याकडं घेऊन येई आणि सरळ आहे का बघायला सांगे. मी उजेडात धरून बघे — बघितल्यासारखं करी — आणि ठीक आहे म्हणे. म्हातारा होईपर्यंत तो येत राहिला. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? रोज आलं असतं.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी भेटायला गेलो. त्यानं माझा हात हातात घेतला.

‘पंत,’ तो म्हणाला, ‘त्या दिशी तुमी एकटेच खरं बोलले. दुसरं कोनी असतं तं मले गोड बोलून नादी लावलं असतं.’

मी ‘हो’ म्हणालो.