शिवलिंगप्पा पॉवर सप्लाय आणतात

शिवलिंगप्पांनी लग्न ठरवलं ते तांब्याच्या वजनावर. मुलगी बघायला गेले तेव्हा शांतम्मांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. यांनी तो उचलला, किंचित खालीवर केला आणि बाहेर आल्यावर वडिलांना सांगितलं, "घर चांगलं आहे." मुलगी कशी वाटली हे मुलाला विचारायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. विचारलं असतं तरी त्यांनी बहुधा तांब्याबद्दलच सांगितलं असतं. तांब्या अजून घरात आहे. शांतम्माही आहेत. दोघांबद्दल शिवलिंगप्पांची कधी तक्रार नाही.

ही सवय त्यांना दुकानानं लावली. अक्कलकोटकडच्या खेड्यातून सोलापुरात आले तेव्हा मिसरूड फुटत होतं. चादरींच्या एका दुकानात घड्या घालायला लागले, आणि घड्या घालता घालता गादीवर कधी येऊन बसले ते मालकांच्याही लक्षात आलं नाही. सोलापुरात चादर घेणारं माणूस रंग नंतर बघतं, आधी वजन विचारतं. शिवलिंगप्पा चादर दोन तळहातांवर घ्यायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि आकडा सांगायचे. दुकानात काटाही होता, पण तो परगावच्या गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. काट्यात आणि शिवलिंगप्पांच्यात फरक पडला की मालक काटा दुरुस्तीला पाठवायचे.

निवृत्त झाले आणि हात मोकळे राहिले. मग ते मिळेल ते तोलू लागले. नारळ, कलिंगड, पाहुण्यांच्या पिशव्या. शेजारच्या घरात बाळ आलं तेव्हा बारशाला जमलेल्या बायकांनी ते यांच्या हातात दिलं आणि दवाखान्याचा कागद पदराआड धरून आकडा विचारला. आकडा जुळला. जुळे सोलापूर भागात त्या दिवसापासून त्यांचं नाव झालं. पण अशा नावाचा रोजच्या जगण्यात फारसा उपयोग नसतो.

घरात तर अजिबातच नव्हता. मुलगी साक्षी. तिची शाळा तिनं निवडली, कॉलेज तिनं निवडलं, पुण्यातली नोकरी तिनं फोनवर मिळवली आणि फोनवरच सोडली. आता ती सोलापुरात परत आली होती आणि घरी बसून काम करणार होती. काम असं, की बिल्डरनं अजून पायाही न खणलेल्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात सकाळचं ऊन आणून दाखवायचं. त्यासाठी दांडगा कॉम्प्युटर लागतो, आणि तो ती सुटे भाग आणून स्वतःच जोडत होती. पहिलं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं.

जुनी चादर अंथरून, तिच्यावर पुठ्ठा टाकून सगळे भाग मांडले होते. शिवलिंगप्पांनी एकेक उचलून पाहिला. रॅम त्यांना नखाएवढी वाटली. कॅबिनेटला ते "पत्रा" म्हणाले. ग्राफिक्स कार्ड हातात घेतल्यावर मात्र त्यांचे डोळे अर्धे मिटले.

"हा माल आहे," ते म्हणाले.

"अप्पा, खाली ठेवा. पुण्याची सगळी नोकरी त्याच्यात गेली आहे."

त्यांनी ते तान्ह्या बाळासारखं खाली ठेवलं.

राहिला होता पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन ती प्रत्येक भागाला झेपेल एवढी वाटून देणारा डबा. कुरियरनं आलेला डबा चेपलेला निघाला, तो परत गेला. नवा यायला वेळ होता आणि सोमवार तोंडावर होता. साक्षी तारांच्या गुंत्यात मांडी घालून बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "अप्पा, नवी पेठेत गुफरानच्या दुकानात आहे तो. तुमच्या फोनवर नाव पाठवते. तेवढा आणाल?"

स्वयंपाकघरात शांतम्मांचं लाटणं पोळपाटावर थांबलं. या मुलीनं बापाला काही आणायला सांगितलं, त्याला किती वर्षं झाली ते दोघांनाही आठवत नव्हतं. शिवलिंगप्पांनी घडीचा सदरा घातला.

"एन्री, लग्नाला निघालात का?" शांतम्मांनी नवऱ्याला नेहमीची कानडी हाक मारून विचारलं.

"दुकानात जायचंय," ते म्हणाले. हे वाक्य म्हणून त्यांना बरेच दिवस झाले होते.

गुफरानचं दुकान बोळासारखं चिंचोळं. दोन्ही बाजूंनी खोकी, मध्ये गुफरान. त्यानं यांना पाहिलं आणि स्टूल पुसलं. "या की चाचा! अम्मीच्या खोलीतली चादर अजून तुमच्या हातचीच आहे. फाटतच नाही, बदलायची कधी?"

"फाटणार नाही. वजन आहे तिला." त्यांनी फोन पुढं केला. "हे पाहिजे."

गुफराननं एक काळा डबा काढून काउंटरवर ठेवला. शिवलिंगप्पांनी तो तळहातांवर घेतला. डोळे मिटले. उघडले. परत मिटले.

"भरलाय का रिकामाच आहे?"

"भरलाय चाचा. एकदम फस्ट क्लास. ताईला नॉलेज आहे, बरोबर निवडलाय. गोल्ड रेटिंगचा आहे."

"सोन्याला वजन असतंय की रे."

"तसं गोल्ड नाही. वीज कमी वाया घालवतो, कमी तापतो. साडेसहाशे वॅट लिहिलंय तर साडेसहाशे देतो, दिवसभर."

शिवलिंगप्पांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथं लाल खोकं होतं, त्याच्यावर दंड फुगवलेल्या पैलवानाचं चित्र आणि नाव 'महाबली ८५०'. "तो दे बघू."

महाबली हातात आला आणि शिवलिंगप्पांचे खांदे खाली उतरले. समाधानानं. काळ्याच्या पुढं हा म्हणजे कापसाच्या पुढं जोंधळ्याचं पोतं. आकडाही मोठा आणि किमतीलाही कमी.

"चाचा, तो नको," गुफरान म्हणाला. "बिलं छापायला, पत्ते खेळायला ठीक आहे. त्याच्यावर साडेआठशे लिहिलंय, पण लिहायला काय, लिहिणाऱ्याचा हात दुखत नाही. मोठं कार्ड लावलं आणि ह्यानं दम टाकला, तर जाताना कार्डाला घेऊन जाईल."

"आणि हा हलका?"

"हलका नाही चाचा. आतलं काम बारीक आहे."

इथं गुफरानचं चुकलं. शिवलिंगप्पांनी आयुष्यभर, हलक्या मालाचा गठ्ठा अंगावर पडला की, गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगितलं होतं. 'हलकी नाही, मऊ आहे.' तेच वाक्य आज वेगळा सदरा घालून काउंटरच्या पलीकडून येत होतं, आणि ते ओळखायला त्यांना डोळेही मिटावे लागले नाहीत. पोरगा धंदा शिकलाय, असं त्यांना वाटलं. कौतुकानं वाटलं. आणि त्यांनी महाबली घेतला.

गुफराननं तोंड उघडलं, आईची चादर आठवून मिटलं आणि बिल केलं.

घरी साक्षीनं पिशवीत हात घातला आणि पैलवान बाहेर आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं; ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे शिवलिंगप्पांना माहीत होतं.

"अप्पा, मी पाठवलेलं नाव वाचलंत ना?"

"वाचलं की. बघितला तो. लई हलका. त्याच्या दीडपट आहे हा. हातात घेऊन बघ."

"वजनावर नसतं हे."

"सगळं वजनावर असतं. तुझ्या कार्डाला वजन आहे म्हणून तूच जपतेस की."

"ते जळलं तर माझ्याकडे दुसरं घ्यायला काही नाही. सोमवारी त्यांना काय सांगू, वडिलांनी हातात घेऊन बघितलं होतं?"

हे लागलं. शिवलिंगप्पा खुर्चीत बसले. शांतम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या, पण कुणाच्या बाजूनं बोलायचं हे न ठरल्यामुळं त्यांनी नुसतं पदराला हात पुसले.

"म्हणजे माझ्या हातावर भरवसा नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं सोलापूर ठेवतं."

साक्षीनं महाबली उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

"ठीक आहे. परत हातात घ्या. मन लावून घ्या. तुम्ही हो म्हणालात तर लावते. कार्डासकट."

ती खरंच लावणार होती का, हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही.

शिवलिंगप्पांनी डबा तळहातांवर घेतला. समोर पुठ्ठ्यावर कार्ड पडलं होतं. दुकानात त्यांनी हजारो गिऱ्हाइकांना हो म्हटलं होतं, पण त्यातलं एकही गिऱ्हाईक त्यांच्या घरात राहत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. वजन होतं. भरपूर होतं. त्यांनी डबा जरा डावीकडं कलता केला, मग उजवीकडं. मग बोटांच्या टोकांवर धरला.

वजन होतं, पण सगळं एकाच कोपऱ्यात बसलं होतं.

दुकानात नव्या पोराला शिवलिंगप्पा पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवायचे. एक, चादर तोलून बघ. दोन, तोलून झाली की कोपरा चोळून बघ. कारण काही लबाड माणसं चादरीला पिठाची खळ पाजतात. ती खळ सुतात मुरून बसते, काट्यावर वजन छान भरतं आणि पहिल्या धुण्यात अर्धी चादर मोरीतून वाहून जाते. खळीचं वजन सारखं पसरत नाही, कुठंतरी गोळा होतं. गादीवर बसून एवढी वर्षं हे सांगितलं, आणि आज काउंटरच्या अलीकडं उभं राहायची वेळ आली तर कोपरा चोळायचं विसरले.

"लावू?" साक्षीनं विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "याला खळ आहे."

"काय आहे?"

"खळ. येतो मी." आणि पैलवान पिशवीत घालून ते निघाले. सदऱ्याची घडी आता मोडली होती.

गुफराननं त्यांना बोळात शिरताना पाहिलं आणि काळा डबा फळीवरून काढून ठेवला.

"तो मग दे," शिवलिंगप्पा म्हणाले. "आधी हा उघड."

"उघडला की वॉरंटी जाते चाचा."

"जाऊ दे."

चार स्क्रू निघाले, पत्रा बाजूला झाला. तारा होत्या, पंखा होता, सर्किट होतं. आणि एका कोपऱ्यात, कुठल्याही तारेशी संबंध नसलेली, पांढऱ्या डिंकानं चिकटवलेली सिमेंटची एक वडी होती. चौकोनी, नीट कापलेली, बर्फीसारखी.

गुफराननं ती नखानं खरवडून बघितली.

"कसम से चाचा, आतून कधी बघितला नव्हता. माल हलका आहे हे माहीत होतं. हे माहीत नव्हतं."

"वॉरंटी कशाची देतात रे? सिमेंटची?"

गुफराननं फळीवरचे बाकीचे पैलवान एकेक करून खाली उतरवले आणि परत पाठवायच्या खोक्यात भरले. ते बघत शिवलिंगप्पा म्हणाले, "मघाशी जरा जोरात का नाही बोललास?"

"तुम्हाला माल काय सांगणार मी? आमच्या घरातली प्रत्येक चादर तुम्ही दिलेली."

शिवलिंगप्पांनी काळा डबा घेतला. पिशवी इतकी हलकी लागत होती की रिक्षात त्यांनी दोनदा आत हात घालून बघितलं.

साक्षीनं डबा पाहिला, बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि फक्त "बसा अप्पा" म्हणाली. तारा जोडताना त्यांनी टॉर्च धरला. सिमेंटची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. ती ऐकून शांतम्मा इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "माझा तांब्या तरी फोडून बघितलात का कधी?" त्या म्हणाल्या.

साक्षीनं बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही.

"बिघडला?" शिवलिंगप्पांनी घाबरून विचारलं.

"चालू आहे. काम कमी असलं की याचा पंखाही फिरत नाही."

पडद्यावर हळूहळू एक बेडरूम उमटली. खिडकीतून ऊन आलं, फरशीवर पसरलं, पलंगावर चढलं. कार्ड पूर्ण जोरात चाललं होतं आणि काळा डबा भिंतीला पाठ लावून गप्प बसला होता. साक्षी डोळे न हलवता बघत होती. तिचा खालचा ओठ दाताखाली होता. तो जेव्हा सुटला, तेव्हा शिवलिंगप्पांनीही टॉर्च बंद केला.

"पलंगावरची चादर हलकी वाटते," ते म्हणाले.

"चित्र आहे अप्पा."

"चित्रातही कळतं की."

तिनं काहीतरी खाटखूट केलं. चादरीच्या घड्या जरा खाली बसल्या. "आता?"

त्यांनी डोळे अर्धे मिटले. "आता बरी."

त्यानंतर तासाभरानं लाईट गेली. फ्लॅट, ऊन, चादर सगळं एका फटक्यात गेलं. साक्षीनं अंधारात कपाळाला हात लावला.

"यूपीएस घ्यावाच लागणार. सोलापुरात त्याच्याशिवाय भागायचं नाही." मग ती म्हणाली, "अप्पा, त्याच्यात बॅटरी असते. तो मात्र जड असायला पाहिजे. उद्या तुम्हीच आणा."

शिवलिंगप्पा उठून चपला शोधायला लागले. उद्याला अजून रात्र मध्ये होती, पण चपला कुठं आहेत हे माहीत असलेलं बरं.

"एन्री," शांतम्मांचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "कोपरा चोळून बघा."