डोंगरापलीकडची गोळी

मिस्त्रीच्या करवतीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. सुतारकामात गावात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, टोमण्यांतही नाही. औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी दुकानामागच्या खोलीत गोळ्यांचं व्यसन सोडवणारं केंद्र काढायचं ठरवलं, तेव्हा गावाच्या बैठकीत हाच उठून म्हणाला होता, "विकतची ब्याद कशाला? उद्या गर्दुल्ल्यांची रांग लागली, की पोरीबाळींनी जायचं कुठून?" सगळे खो-खो हसले. विषय तिथंच बारगळला.

पुढे एका बांधकामावर परांची बांधताना तो वरून खाली पडला. कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या मात्र सुटेनात. एक चुकली, की दरदरून घाम यायचा, हाडं पिळून निघायची. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या कपाटात तसल्याच गोळ्या होत्या. त्याने त्यांवर हात मारायला सुरुवात केली.

"अहो, आई कण्हताहेत आणि पाकीट रिकामं कसं?" बायकोने विचारलं.

"मला काय माहीत? उंदरांनी नेलं असेल."

तिने रिकामं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. पोटच्या पोराने आईचं औषध चोरलं, हे तिला कळलं होतं. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपचार होता, पण डोंगरापलीकडच्या शहरात. रोज पहाटे दोन बस बदलायच्या, नर्ससमोर जिभेखाली व्यसन सोडवणारी गोळी विरघळवायची आणि परतायचं. घरी पोचेपर्यंत दुपार कलायची. गिऱ्हाइकं दुसऱ्या सुताराकडे वळली. "शहरात मोठं काम मिळालंय," असं तो सांगत सुटला. लोकांना पटावं म्हणून हत्यारांची पिशवीही सोबत न्यायचा.

एकदा घाटात दरड कोसळली. बस बंद. तिसऱ्या दिवशी तो थांब्यावर कुडकुडत बसला होता. नाक गळत होतं. समोर गाडी थांबली. आत दुकानवाल्या बाई होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी लांबच्या रस्त्याने शहरात चाललेय."

"कामावर जायचंय मला."

"कुठल्या कामावर ते मला कळतं, मिस्त्री. बसा."

वाटभर त्यांनी जुनी गोष्ट काढली नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शेवटी तोच पुटपुटला, "मी तेव्हा तुम्हाला मान खाली घालायला लावली होती."

"माझं काही बिघडलं नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा खाटीकवाडीतली एक मुलगी यायची माझ्याकडे, गोळ्या सुटाव्यात म्हणून. तिला रोज डोंगर ओलांडणं जमलं नाही. गेली ती."

मिस्त्रीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

महिन्याभरात बाईंनी केंद्रासाठी पुन्हा बैठक बोलावली. मिस्त्री उठला.

"मी कामाला जात नाही," तो म्हणाला. "गोळी घ्यायला जातो. आईच्या गोळ्यासुद्धा मी खाल्ल्यात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बायको पदर सावरून त्याच्या शेजारी उभी राहिली, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

केंद्राला मंजुरी मिळाली, आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या दिवशी मिस्त्री दुकानासमोरून दोनदा पुढे निघून गेला. तिसऱ्यांदा मान खाली घालूनच, पण भर बाजारातून, आत शिरला.