मावशींनी स्वतःलाच गटाबाहेर काढलं तेव्हा

बावीस वर्षं मावशींनी कॉम्प्युटर लॅबची कुलपं उघडली, कीबोर्ड पुसले आणि मागच्या बाकावर बसून फुकटात सगळे तास ऐकले. त्रेपन्नाव्या वर्षी बढतीची परीक्षा देऊन त्या लॅब सहायक झाल्या. महिन्याभरात सिस्टिम सांभाळणारे सर जिन्यावरून घसरून पाय मोडून बसले, आणि साठ नव्या मुलींची लिनक्सवरची खाती उघडायचं काम मावशींच्या गळ्यात पडलं.

काळ्या पडद्यावर useradd -m लिहायचं, पुढे नाव, मग एंटर. की प्रत्येकीला फाइली ठेवायला स्वतःचं घर तयार! तिसाव्या नावापासून मावशी गुणगुणायला लागल्या. साठावं झाल्यावर त्यांनी शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

“अहो, सकाळपासून साठ घरं बांधली!”

“एखादं आपल्याला ठेव,” तोंडातल्या टाचण्या सांभाळत तो म्हणाला.

मावशींच्या अंगात वारं भरलं. परीक्षेच्या फाइलींसाठी एक नवा गट होता. usermod -G ही आज्ञा लिहून त्यात त्यांनी झटक्यात स्वतःचंही नाव घातलं. खात्रीसाठी यादी पाहिली, तर ‘परीक्षा’ होतं, पण ‘सुडो’ गायब! सुडो म्हणजे सगळ्या चाव्यांचा जुडगा. तो गट गेला की सगळे अधिकार गेले.

त्यांनी घाबरून सरांना फोन केला.

“usermod लिहिताना G च्या आधी छोटा a राहिला,” सर म्हणाले. “a नसेल तर जुन्या गटांतून नाव कटतं. आधी सांगा, खिडकी बंद केलीत?”

“नाही सर, उघडीच आहे. छान वारा येतोय.”

“भिंतीतली नव्हे हो, पडद्यावरची!”

“तीही उघडी आहे.”

“मग वाचलात! लॉगआउट करेपर्यंत तुमचे जुने अधिकार चालतील. जागेवरून हलू नका.”

तेवढ्यात शिपाई दारात आला. “मावशी, प्राचार्य बोलावतायत.”

“सांग, मावशी खुर्चीला चिकटल्यात!”

फोनवर सर हसत सुटले. “हसवू नका, प्लास्टर हलतंय! लिहा, sudo usermod -aG sudo, पुढे तुमचं नाव.”

मावशींनी a तीनदा तपासला आणि एंटर दाबलं. यादीत सुडो परत आलं. त्या खुर्चीसकट गरकन फिरल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतली मुलगी आपलं खातं उघडताच ओरडली, “मावशी, मी आत गेले!” मग दुसरी, तिसरी, आणि बघता बघता अख्खी लॅब ओरडायला लागली. शांत बसवायचं काम मावशींचं होतं. पण त्या हसत हसत पुन्हा खुर्चीसकट गरकन फिरल्या.