एकोणिसावं पान

किट्टण्णा कुणाच्याही घरी गेला की कॉफीचा टंबळर हातात घेण्याआधी खिशातून टेप काढायचा आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजायचा. माझ्या वास्तुशांतीलाही त्याने हेच केलं. होम चालू होता, आणि हा चाकाची खुर्ची दाराशी लावून मोठ्याने म्हणाला, "पाप्पा, एम.एस्सी. झालीस, घर बांधलंस, आणि भावाला मुतायला जागा ठेवली नाहीस." भटजी मंत्रात अडखळले. दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं.

तो माझा थोरला चुलतभाऊ; मला लहानपणापासून पाप्पा, म्हणजे बाळ, म्हणायचा. तंजावुरात वायरिंगची कामं करायचा, आणि बोलायचाही त्याच धंद्यातलं. कुणी ऐकीव गोष्ट सांगितली की विचारायचा, "टेस्टर लावून पाहिलंस का?" त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा कुंभकोणमजवळ एका मांडवावर दिवे लावताना तो पडला. मणका दुखावला. कमरेखालचं काही कळेनासं झालं, लघवीला झाल्याचंसुद्धा.

इस्पितळाने घरी सोडताना एक इंग्रजी पुस्तिका दिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला त्याचा गर्व होता, आजही आहे. घरातला इंग्रजी कागद म्हटला की तो माझ्याकडे यायचा, तशी ही पुस्तिकाही आली. हॉलमध्ये काका-काकू बसले होते, अण्णा खाटेवर, त्याची बायको लक्ष्मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. मी ऐटीत वाचून सांगत होते. दर चार तासांनी हात साबणाने धुऊन नळी घालायची आणि मूत्राशय रिकामं करायचं. कपडे भिजतील म्हणून पाणी पिणं कमी करायचं नाही. लघवी गढूळ झाली, ताप आला, तर एक दिवसही थांबायचं नाही.

मग एकोणिसावं पान आलं. वर मथळा होता, पती-पत्नीचे संबंध. मी दोन पानं एकदम उलटली आणि म्हणाले, पुढे परत व्यायामच आहेत.

नळीचं त्याने चोख जमवलं. मोबाइलवर गजर लावला. तो वाजला की पाहुण्यांसमोर जाहीर करायचा, "मीटर रीडिंगची वेळ झाली." काकू तोंडाला पदर लावायची. पण बाकीच्या बाबतीत घरात एकच वाक्य फिरत होतं, की आता ते सगळं संपलं. हे कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टर राउंडवर येऊन त्याच्याशी न बोलता काकांशी बोलायचे, आणि काका विचारणार काय, कपाळ? वर्ष असंच गेलं. शेवटी त्यानेच लक्ष्मीला माहेरी तिरुवैयारूला जायला सांगितलं. "इथला मेन बंद आहे. तू अंधारात का बसतेस?" तिचे वडील येऊन बोलून गेले. पोंगल झाला की ती जाणार असं ठरलं. पुस्तिका माझ्याच कपाटात होती. मी कपाट उघडलं नाही.

पोंगलच्या आधी त्याची तपासणी होती. तिथल्या एका वयस्कर नर्सने नवरा-बायकोला समोर बसवून सरळ विचारलं, एकोणिसाव्या पानाबद्दल काही शंका आहेत का. त्याच संध्याकाळी त्याने मला पुस्तिका घेऊन बोलावलं.

"एकोणिसावं पान वाच."

"अण्णा, वहिनीसमोर कसं..."

"तिच्यासमोरच वाच. तिचंही आहे ते."

मी वाचलं. मनातलं शरीरापर्यंत पोचलं नाही, तरी स्पर्शाने शरीर जागं होऊ शकतं. औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आधी मूत्राशय रिकामं करून घ्यायचं. मूल हवं असेल तर उपचार असतात. आणि शेवटची ओळ अशी होती, की हे विचारण्यात लाज नाही.

"एक वर्ष, पाप्पा," अण्णा म्हणाला. "टेस्टर न लावता तू माझा मेन बंद करून टाकलास."

मी म्हणाले, मी तर काहीच बोलले नव्हते.

"तेच तर," लक्ष्मी म्हणाली. "आणि मला यांनीही विचारलं नाही. सामान बांध म्हणाले, मी बांधलं." ती उठली आणि भरलेली पेटी तिथेच, आमच्यासमोर, जमिनीवर उपडी केली.

अण्णाने पुढे कित्येक महिने माझ्या हातची कॉफी घेतली नाही. त्यांना मूल झालं नाही. उपचार केले, जमलं नाही. पण दुपारी त्यांच्या खोलीचं दार लागू लागलं, आणि काकू बाहेर उगाच भांडी आदळू लागली.

गेल्या वर्षी परगावी त्याला ताप भरला. तिथल्या दवाखान्यात तो सांगत होता, लघवी तपासा. त्यांनी दोन दिवस साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. खुर्चीतल्या माणसाला स्वतःच्या शरीरातलं काय कळतं, असाच सगळ्यांचा समज. तंजावूरला आणेपर्यंत जंतू रक्तात गेले होते. तेराव्याला जो तो त्याच्या हिमतीबद्दल बोलला. तो कशाने गेला, ते मात्र कुणी तोंडातून काढलं नाही. ताप आला होता, म्हणाले. मला तिथे ओरडावंसं वाटलं.

मागच्या महिन्यात लक्ष्मीने पापनाशमचं एक कुटुंब माझ्याकडे पाठवलं. नारळाच्या झाडावरून पडलेला तरुण, त्याची बायको आणि त्याचे वडील. हातात तीच पुस्तिका. शिकलेल्या आहात, वाचून सांगा, म्हणाले. आधी त्या तरुणाला न्हाणीघर दाखवलं. खुर्ची दारातून सरळ आत गेली. तो परत आल्यावर मी पुस्तिका घेतली आणि एकोणिसाव्या पानावरच उघडली. पहिल्या ओळीलाच त्याचे वडील खाकरले आणि उठून बाहेर गेले. मी जाऊ दिलं. त्या दोघांकडे बघून पुढची ओळ वाचली.