जावयाला अरे म्हणायचं कसं

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांनी मला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती. वयानं मी त्यांच्याहून पुष्कळ लहान, तरीही मी उंबऱ्यात दिसलो की ते उठून उभे राहायचे. घाटनांदूरला त्यांचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकाला ते खुशाल थांबवतील, पण जावई आला की तराजूतली साखर तशीच सोडून "या, जावईबापू, या" करत पुढे येतील. एकदा त्यांच्याकडे दुपारी मी झोपेत नुसती कूस बदलली, तर शेजारून आवाज आला, "काई पाहिजे का तुमाला?" अशा माणसाला माझ्या अंगावर तलवार उपसायला शिकवण्याची वेळ माझ्यावर आली.

निमित्त झालं मोतीबिंदूचं. अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन बीडला करायचं ठरलं, एक झाल्यावर पंधरा दिवसांनी दुसरं. तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले आणि दुकान बघायला सासूबाई मागे राहिल्या. मुलीच्या घरी राहायचं म्हणजे अप्पांना फार अवघड. पहिले दोन दिवस ते सोफ्याच्या अगदी कडेवर बसले, एष्टीत तिघांच्या सीटवर चौथा बसतो तसे. पंखा लावायचा तरी विचारायचे, "लावला तर चालंल का?" डॉक्टरांनी टीव्ही आणि मोबाइल आठवडाभर बंद ठेवायला सांगितलं होतं, ते माझ्या बायकोनं महिनाभर करून टाकलं. पेपर बंद, वाकणं बंद, धुळीत जाणं बंद. काळा चष्मा घालून अप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "मस्त चाललंय."

मी बीडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बॅचेस सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळे दुपार मोकळी. त्या वेळात मी, बायको आणि फार्मसी शिकायला आमच्याकडे राहणारी मेहुणी असे तिघं एक खेळ खेळायचो. तो मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर शिकलो होतो. यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र घेतात आणि त्या पात्रासारखं बोलतात. काम फत्ते होईल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा; मोठा आकडा पडला तर जमलं. गोष्ट सांगणारा मी, म्हणजे वाटेत भेटणारे चोर, राजे, भुतं, खानावळवाले सगळे मीच. बायको तिरंदाज होती, मेहुणी जादूगारीण.

"अप्पांना घेऊ या," मेहुणी म्हणाली. "यात डोळे लागतच नाहीत."

अप्पा आधी नको म्हणाले, मग "तुमाला अडचन न्हाई ना?" म्हणाले, मग खुर्ची पुढे ओढली. कोण व्हायचंय विचारल्यावर बराच विचार करून त्यांनी सांगितलं, "दुकानदार."

"ते तर तुम्ही आहातच," मेहुणी म्हणाली आणि त्यांच्या कागदावर स्वतःच लिहून तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "सरदार. तापट. कुणाचीही भीड ठेवत नाही."

"कुनाचीच?"

"कुणाचीच."

"बरं," अप्पा म्हणाले. "बघू."

गोष्ट सुरू झाली. तिघं घाटातून चाललेत आणि एक दरोडेखोर आडवा येतो. मी खुर्चीवरून उठलो, आवाज जाड केला आणि ओरडलो, "थांब बे! कुठं निघाला? टाक ती तलवार खाली!"

अप्पा चाचपडत उभे राहिले. दोन्ही हात पुढे करून, जणू ताटात ठेवूनच देतात अशा अदबीनं म्हणाले, "घ्या की. तुमच्यापेक्षा जास्त हाय का?"

"अप्पा!" मेहुणी किंचाळली. "आपल्याकडं तेवढी एकच तलवार होती!"

"मग काय जावयाला न्हाई म्हनू?"

"ते जावई नाहीत," बायको म्हणाली, "दरोडेखोर आहेत."

"तसं बोलू नये गं," अप्पांनी तिला गंभीरपणे समज दिली. आणि पहिल्याच दुपारी सरदार निःशस्त्र झाला.

दुसऱ्या दिवशी मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. शिकवणं हा माझा धंदाच आहे. न्यूटनचे नियम ज्याला मुलांच्या गळी उतरवता येतात त्याला हे काय अवघड, असं मला वाटलं. अप्पांची पहिली अडचण अशी, की ते पात्रात शिरतच नव्हते, पात्राचा निरोप आणत होते. "सरदारांचं म्हननं असं हाय, की तुमी जरा बाजूला व्हावं. गैरसोय नसंल तर."

"अप्पा, सरदार म्हणतो असं नका म्हणू. 'मी' म्हणा."

"मी म्हटलं की मीच बोलल्यासारखं होतंय."

"तेच तर पाहिजे."

"तेच तर नको," अप्पा म्हणाले.

मग मला वाटलं, समोर जावई दिसतोय म्हणून त्यांना जड जात असेल. मी त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि एकदम घोगऱ्या आवाजात गुहेतल्या राक्षसाचं बोलणं सुरू केलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाले, "जावईबापूंचा घसा बसलाय. हळदीचं दूध दे." खेळ थांबला. दूध येईपर्यंत आणि मी ते संपवेपर्यंत अप्पा काही केल्या पुढे जाईनात. भर दुपारी हळदीचं दूध पिणारा राक्षस पाहून मेहुणीला हसू आवरेना.

"तुम्ही कुणावर कधी ओरडलाच नाहीत का?" मी शेवटी विचारलं.

अप्पा आठवू लागले. हमालांवर नाही, गिऱ्हाइकांवर तर नाहीच, घरात सासूबाईंवर ओरडायची सोय नाही. मग त्यांना आठवलं. "माकडं येत्यात ठेसनाकडनं. गुळाची ढेप उचलत्यात."

"त्यांना काय म्हणता? म्हणून दाखवा."

अप्पांनी इकडेतिकडे मान फिरवली, घसा साफ केला आणि असे गरजले, की बायकोच्या हातातली पेन्सिल पडली. "हाड्! उतर खाली! तुझ्या बापाचा गूळ हाय का रं?"

खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या.

"हेच!" मी म्हणालो. "हेच माझ्याकडं बघून म्हणा."

"शिव शिव! जावयाला माकड समजू?"

"समजा की अप्पा," बायको म्हणाली. "आम्ही रोजच समजतो."

पण ते काही अप्पांच्या तोंडून निघालं नाही. त्यांचं अडलं होतं कुठं, ते तिसऱ्या दिवशी त्यांनीच शोधून काढलं. चहा झाल्यावर म्हणाले, "एक इचारू का? ह्या सरदाराला जावई हाय का?"

असला प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "नाही. त्याला मुलगीच नाही."

"मुलगीच न्हाई?"

"लग्नच झालेलं नाही त्याचं."

अप्पांनी मोठा श्वास सोडला. पाठ खुर्चीला टेकवली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. "हे आधी सांगायचं न्हाई का. मग जमंल."

आणि जमलं. त्या दुपारी घाटातला दरोडेखोर परत आला, तेव्हा सरदारानं त्याला "ये हिकडं, थोबाड बघू तुझं" म्हणून बोलावलं आणि तलवार परत घेतली. पूल अडवणाऱ्या राक्षसाला "तुला काई कामधंदा न्हाई का बे?" असं विचारलं. मला "बे" म्हणताना सुरुवातीला ते थोडे दबकायचे, बोलून झालं की चष्म्याआडून अंदाज घ्यायचे. हळूहळू दबकणंही गेलं. आठवडाभरात तर असं झालं, की मला जेवणाआधीच विचारणा व्हायची, "आज कोन येनार हाय आडवं?" दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला जातानाही रिक्षात ते मेहुणीशी, नदी कुठून ओलांडायची, याचीच मसलत करत होते.

ते परत जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी एक साधा प्रसंग रचला होता. एक म्हातारा विणकर तिघांना वाटेत भेटतो. त्याची मुलगी वरच्या किल्ल्यात कामाला आहे, किल्लेदार तिला घरी पाठवत नाही, तिला घेऊन या, अशी विनवणी करतो. यात माझ्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तिघं किल्ल्याच्या दारात पोचले, आणि किल्लेदार अर्थातच मी.

"मुलगी इथं सुखात हाय," मी छाती काढून म्हणालो. "खायला-प्यायला कमी न्हाई. कावून आलास?"

अप्पांनी चष्मा नीट बसवला. मग म्हणाले, "सुखात हाय ते दिसतंय रं. सुखाचं कोन इचारतंय? तीन दिवाळ्या झाल्या. म्हातारी फराळाचे डबे एष्टीनं धाडती."

आमच्या त्या राज्यात एष्टी नव्हती. एरवी मेहुणीनं लगेच टोकलं असतं. या वेळी ती अप्पांकडे बघत राहिली.

"आन् येतोस तर कसा येतोस?" अप्पा पुढे म्हणाले. आवाज वाढवला नव्हता. "दुपारी येतोस, जेवतोस, सांजच्या बॅचला वापस. पोरीनं आईशी बोलायचं कवा? भांडी घासताना?"

बायको कागदावर उगाच रेघा ओढत होती. "नाही, म्हणजे अप्पा, त्याचं असं आहे," मी म्हणालो, "बारावीच्या बॅचेस नेमक्या दिवाळीतच..."

"कोन अप्पा?" काळा चष्मा माझ्यावर रोखलेला होता. "मी सरदार हाय. किल्लेदारा, तू सोंग सोडू नको. सरळ सांग. पोरीला धाडतोस का न्हाई?"

सुरुवातीला ज्याला पात्रात राहा म्हणून विनवत होतो, त्याच्याकडून ते ऐकायची पाळी माझी होती. मी फासा पुढे केला. नियम तसा आहे; समोरच्याचं मन वळवायचं तर फासा टाकावा लागतो. अप्पांनी तो चाचपून घेतला आणि टेबलावर बाजूला ठेवून दिला. "ह्याला फासा लागत न्हाई."

"पण अप्पा, नियम..." मेहुणी म्हणाली.

"असू दे," बायको म्हणाली.

मी किल्लेदाराचा आवाज शोधून काढला. "धाडतो."

"किती दिस?"

"चार."

"आठ."

"आठ," मी म्हणालो.

"आन् तू?"

"मी? मग किल्ला कोण बघणार?"

"किल्ला काय पळून जातोय?"

"पाच दिवस येईन."

"हं," सरदार म्हणाला.

बायको चहा टाकायला उठली, ती स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ राहिली. मी पाण्यासाठी उठणार तेवढ्यात अप्पा हात पुढे करून धडपडत उठले. "बसा, जावईबापू, बसा. तुमी कावून उठता? मी आनतो ना." अगदी पूर्वीसारखे. ती दुपार खेळाची होती की खरी, हे आम्ही एकमेकांना आजवर विचारलेलं नाही. बायकोला मी सहज म्हणून पाहिलं, की खेळातलं खेळात. ती म्हणाली, "बघा बाई."

दिवाळीतल्या बॅचेस मी क्लासमधल्या दुसऱ्या सरांना दिल्या. दोन पालकांचे नाराजीचे फोन आले, ते ऐकून घेतले. बायको आठ दिवसांसाठी पुढे गेली, मी पाच दिवसांसाठी मागून पोचलो, आणि अप्पा दुकान सोडून थेट बसस्टँडवर घ्यायला आले होते.

पाच दिवस जावई घरात म्हणजे काय, ते मात्र कुणीच नीट मोजलं नव्हतं. पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी गुलाबजाम, तिसऱ्या दिवशी बासुंदी. मी साधं पिठलं-भाकरी करा म्हणालो, तर सासूबाईंनी पिठलं केलं आणि वर शिराही केला. मी जागा आहे तोवर अप्पांना आडवं होता येत नव्हतं, त्यामुळे ते दुपारभर माझ्यासमोर बसून डुलक्या घ्यायचे. मेहुणीनं तर तोंडावर सांगितलं, "दाजी, तुमच्यामुळं चार दिवस झाले घरात कुणी लोळलेलं नाही."

पाचव्या दिवशी सकाळी शेंगदाणे भाजता भाजता सासूबाईंनी अगदी सहज विचारलं, "क्लास कवा सुरू होत्यात म्हने तुमचे?"

"अगं, जावयाला असं इचारू नये," अप्पा ओशाळून म्हणाले. त्यांनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले. मग माझ्याकडे वळून, अतिशय अदबीनं, "पन कवा होत्यात?"