गोल्वेनचं एक वाक्य

अझिलीसमावशी आमच्या किल्ल्याच्या तिकीटखिडकीत सतरा वर्षं बसली. त्यातली अकरा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत काढली. वर जुना दगडी बुरूज, त्याला महायुद्धात जर्मनांनी चिकटवलेलं काँक्रीट आणि खाली वाळूचा किनारा. तिचा नवरा गोल्वेन त्याच किनाऱ्यावर गेला. १९४५ साली जर्मनांनी पेरलेले सुरुंग काढायला गावातले काही मासेमार पुढे झाले, त्यांत तो होता. लग्नाला तीन महिने झाले होते, मावशी एकवीस वर्षांची होती. पुरायला फारसं काही हाती लागलं नाही.

पुढे किल्ल्याचं संग्रहालय झालं, तेव्हा तिने तिथे नोकरी मागितली ती त्याच्याजवळ राहता यावं म्हणून. हे तिने मला फार उशिरा सांगितलं.

मग पाहुण्यांनी कानाला लावून ऐकायची, किल्ल्याची माहिती सांगणारी फीत आली. तीत एक वाक्य होतं, 'युद्धानंतर किनारा साफ करण्यात आला आणि मुलं पुन्हा खेळू लागली.' ते ऐकलं त्या दिवशी मावशी जेवली नाही. कोणी साफ केला एवढं तरी घाला, असं तिने व्यवस्थापक त्रिविदिकसाहेबांना सांगितलं. साहेब माणूस चांगला. कागद आणा म्हणाले. तिने नगरपालिकेचा दाखला आणून दिला. पुढच्या फितीत नक्की घालू, असं ठरलं.

पुढची फीत निघायला नऊ वर्षं लागली.

तोवर ती वृद्धाश्रमात गेली होती आणि तिला अलीकडचं काही आठवेनासं झालं होतं. नवी फीत हाती आली तशी मी लोण्याचा केक घेऊन तिच्याकडे धावले. तिच्या कानाला लावून दिली. 'गोल्वेन नावाच्या इथल्याच मासेमाराने हे सुरुंग काढले आणि तो याच वाळूत गेला.'

"गोल्वेन गेला?" ती म्हणाली. "कधी गं? सकाळी तर कॉफी पिऊन निघाला."

आणि ती एकवीस वर्षांच्या मुलीसारखी रडायला लागली. आश्रमातल्या बाई धावत आल्या, पाणी दिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी खोटं बोलले.

"तुझा नव्हे गं मावशी. दुसरा कोणी गोल्वेन."

तिने डोळे पुसले. बराच वेळ माझा हात धरून राहिली.

"मग त्याच्या बायकोकडे जाऊन ये," म्हणाली. "एकटी असेल बिचारी."

जाते म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले.