पडद्यावरचा चीन, महालातले डॉक्टर

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एका शहरातून पाच पाहुणे नागपूरला आले. त्यांच्या शहराचं चीनमधल्या एका शहराशी भगिनी-शहर म्हणून नातं जुळलं होतं. तसंच नागपूरशी जमतं का, ते त्यांना पाहायचं होतं. स्वागत समितीत कोणाला कुठे बसवायचं, ते काम माझ्याकडे होतं. शाळेतल्या स्नेहसंमेलनांमुळे मला त्या कामाची सवय होती.

पाहुणे चिनी शहराच्या स्लाइड दाखवणार म्हटल्यावर आमच्या सचिवांना सुचलं, "चिनी माणूस आपल्याकडेही आहे की! दातांचे डॉक्टर. त्यांना पाहुण्यांशेजारी बसवा. फोटो छान येईल."

डॉक्टरांचे वडील चीनमधून आलेले, पण डॉक्टरांचा जन्म नागपूरच्या महाल भागातलाच. माझ्या दोन दाढा त्यांनीच काढलेल्या. मी निमंत्रण घेऊन गेले, तेव्हा ते कवळी घासत होते.

"मले काहून बसवता जी तिथं, बाई? चिनी तं मले वाचताही येत नाही."

"सचिवांची इच्छा आहे."

त्यांनी कवळी खाली ठेवली. जन्म इथला असला तरी कागदोपत्री ते चिनीच, म्हणून बासष्टच्या चीन युद्धापासून त्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. गाव सोडायलाही परवानगी लागे. नागरिकत्वाचा अर्ज आता कुठे वरपर्यंत पोचला होता.

"पेपरात फोटो आला, मागं चीन अन् पुढं मी, तं साहेब काय म्हणन? अर्ज गेलाच ना माझा!"

"मग येऊ नका."

"नाही आलो तरी विचारतीन, काहून नाही आला म्हणून. सचिव गावभर सांगून राहिले ना!"

हे खरं होतं. शाळेचा प्रोजेक्टर बिघडला की तेच दुरुस्त करत, म्हणून मी त्यांना मागे, प्रोजेक्टरपाशी बसवलं. सचिव माझ्यावर चिडले. मी म्हटलं, मशीन अडलं तर तुम्ही उठणार आहात का?

कार्यक्रम महालातल्याच सभागृहात झाला. दिवे मालवले, पडद्यावर चिनी शहरातला पूल आला आणि सचिवांना राहवलं नाही. "आमच्या चिनी मित्रांनी पुढे यावं, आपल्या गावाबद्दल दोन शब्द सांगावेत!"

फोटोग्राफर मागे वळला. डॉक्टर जागचे हलले नाहीत. अंधारातून आवाज आला, "माझं गाव महाल हाय, साहेब. पाहाचं असन तं खिडकी उघडा."

सभागृह हसलं. पाहुण्यांना कोणीतरी समजावून सांगितलं, मग तेही हसले. तेवढ्यात डॉक्टरांनी पुढची स्लाइड लावली आणि फोटोग्राफर पुन्हा पाहुण्यांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मी दवाखान्यात गेले. फोटोत पाहुणे होते, सचिव होते, संत्र्यांची टोपली होती. फ्लॅशमुळे पडदा मात्र कोरा दिसत होता. डॉक्टरांनी पेपर उजेडात धरून नीट पाहिला.

"चीनही नाही आला अन् मीही नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला त्यांनी हाक मारली.

शहरांचं नातं काही जुळलं नाही. डॉक्टरांचा अर्ज मंजूर झाला, पण त्याला आणखी दोन उन्हाळे लागले. तोवर ते हजेरीला जात राहिले.